‘तुम्हीच ठरवा’ म्हणणाऱ्या बाबांना काय विचारावं?

प्रिय ताई,

मी एका विशेष शाळेत आठ वर्षं शिकवते आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, काहींना एकाहून अधिक अपंगत्वं, अशी आमची मुलं आहेत. यंदा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे एक काम सोपवलं: मुलांनी काय आणि कसं शिकायचं हे ठरवताना कुटुंबांना सहभागी करून घ्यायचं. ऐकून आनंद झाला होता. पण माझ्या वर्गाच्या पालकसभेला अकरांपैकी चार मुलांचेच पालक आले. मी प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार ठेवला होता. वाचून दाखवला आणि ‘काही सूचना?’ असं विचारलं. सगळे गप्प. एक बाबा म्हणाले, “मॅडम, तज्ज्ञ तुम्ही आहात, तुम्हीच ठरवा,” आणि सही करून निघून गेले. एका आईने मात्र ‘याला अक्षरं कधी शिकवणार?’ हाच धोशा लावला. तो मुलगा अजून खुणेनेसुद्धा काही मागत नाही, त्यांना काय उत्तर देऊ? पालकांना खरंच रस नसतो का? की माझंच काही चुकतं आहे?

एक विशेष शिक्षिका

---

नमस्कार.

त्या बाबांचं वाक्य तुम्हाला लागलं आहे, हे पत्रातून कळतं. पण ते आले होते, हे आधी लक्षात घ्या. कामातून वेळ काढून, कदाचित एक दिवसाची रजा टाकून आले होते. आणि त्यांच्यासमोर काय आलं? टाइप केलेला, तारखा घातलेला, पिना मारलेला आराखडा. पान वाढून झाल्यावर ‘काय रांधू?’ असं विचारलं तर समोरचा काय म्हणणार? ‘असेल ते चालेल.’ तुमच्या प्रश्नात खोटेपणा नव्हता, पण तो चुकीच्या वेळी आला. आराखड्याआधी विचारला असता तर त्याचं उत्तर मिळालं असतं.

‘तुम्हीच ठरवा’च्या मागे आणखीही बरंच साठलेलं असतं. अपंग मुलाचे आईवडील आपल्या शाळेत पोचेपर्यंत कितीतरी टेबलांसमोर बसून आलेले असतात. निदान, तपासण्या, दुसरं मत, तिसरं मत. प्रत्येक ठिकाणी मुलाला काय येत नाही याची यादी ऐकलेली असते. कधी ‘तुम्ही घरी करून घेत नाही’ असा ठपका, तर कधी मनातली आशा बोलून दाखवली म्हणून ‘पालकांनी अजून स्वीकारलेलं नाही’ असा शेरा. असं पोळलेलं माणूस तज्ज्ञापुढे तोंड उघडत नाही. त्याला आपण ‘रस नाही’ असं नाव देतो. माझ्या इतक्या वर्षांत मुलात रस नसलेले पालक मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. दमलेले मात्र शेकड्यांनी.

हे मला उशिरा कळलं, आणि ज्या मुलीमुळे कळलं तिचे सहा महिने त्यात गेले, म्हणून सविस्तर सांगते. ती नऊ वर्षांची होती. सेरेब्रल पाल्सी. बोलता येत नव्हतं, हात मनासारखे वळत नव्हते. मी दोन चित्रकार्डं समोर धरायची, ‘पाणी की गोष्ट?’ असं विचारायची आणि तिने हव्या त्या कार्डाला हात लावायचा, असं उद्दिष्ट आम्ही लिहिलं होतं. तिच्या फाइलमध्ये दर आठवड्याला माझ्या अक्षरात नोंद असायची: ‘प्रतिसाद नाही.’ एकदा तिची आई आजारी पडली म्हणून आजी आली. आजीने आराखड्याला हातही लावला नाही, वर्गात मागे बसून राहिली. मी कार्डं धरली, थांबले, खाली ठेवली. मागून आवाज आला, “अहो, तिने सांगितलं की. हो म्हणताना ती वर बघते. नको असलं की डोळे मिटते.” मग आजी पुढे आली आणि तिने नातीला विचारलं, “बाईंची कार्डं आवडतात का गं?” मुलीने डोळे घट्ट मिटून घेतले. “गोष्ट ऐकायची?” डोळे थेट छताकडे. ती सहा महिने उत्तर देत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होते.

आजीच्या त्या दोन वाक्यांनी फाइलमधलं उद्दिष्ट बदललं. नजरेने निवड करता यावी म्हणून पारदर्शक फलक आणला. तिचं ‘हो’ आणि ‘नाही’ कसं ओळखायचं ते खुर्चीच्या पाठीला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं, म्हणजे बदली शिक्षकालाही दिसावं. म्हणून मला वाटतं, मुख्याध्यापकांना वर्षअखेरीस अहवाल द्याल तेव्हा किती पालक सभेला आले हा आकडा मागे ठेवा. घरून कळलेल्या गोष्टीमुळे किती मुलांच्या आराखड्यातली एक तरी ओळ बदलली, तो आकडा आधी द्या. एकाही मुलाची ओळ बदलली नसेल, तर सभागृह खचाखच भरलेलं असलं तरी सहभाग झालेला नाही.

हे काम करणाऱ्या तुम्ही पहिल्याच नाही आहात, याचाही धीर वाटू द्या. १९६९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, पोर्टेज नावाच्या गावी, एक साधी पद्धत सुरू झाली. ग्रामीण भाग, लहान मुलं दूरदूर विखुरलेली, सगळ्यांना एका केंद्रात आणणं शक्य नव्हतं. तेव्हा शिक्षकच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागले. आईवडिलांबरोबर बसून त्या आठवड्यापुरत्या छोट्या गोष्टी ठरवायच्या, करून दाखवायच्या आणि पुढच्या भेटीत काय झालं ते बघायचं. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. १९७५ साली त्याच देशात अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा बनवणाऱ्या बैठकीत पालकांना जागा मिळाली. तुमच्या हातातल्या आराखड्याचं मूळ तिथे आहे. म्हणजे हा कागद मुळात पालकांबरोबर बसून लिहायचा होता. पुढे ठिकठिकाणी तो आधी लिहून मग सहीला पाठवायची सवय पडली.

आता विचारायचं काय? ‘तुमची मुलाबद्दल उद्दिष्टं काय?’ असं तर मुळीच विचारू नका. कुणाच्याही घरी उद्दिष्टं नसतात, घरी सकाळ-संध्याकाळ असते. कालच्याबद्दल विचारा. काल उठल्यापासून झोपेपर्यंत सगळ्यात जड तास कोणता गेला? तो कशाने हसला? त्याला काही दुखत असेल तर तुम्हाला कसं कळतं? त्याचं कुणाशी सगळ्यात जमतं? आणि माझा आवडता प्रश्न, जो मी थोडी ओळख झाल्याशिवाय कधी विचारत नाही: याच्यामुळे नव्हे, पण याची सोय होत नाही म्हणून, तुम्ही घरात काय करणं सोडून दिलंत?

या शेवटच्या प्रश्नाने एका तेरा वर्षांच्या मुलाचा आमचा सगळा आराखडा उलटा झाला. ऑटिझम असलेला मुलगा. आम्ही लिहिलं होतं, ‘वीसपर्यंत वस्तू मोजेल.’ आई म्हणाली, “बाहेर जाणं सोडलं. तीन वर्षं आम्ही कुणाकडे मुक्कामाला गेलो नाही. तो घरचं सोडून दुसऱ्या कुठल्याच संडासात जात नाही.” शाळेतही तो दिवसभर तसाच राहायचा, आणि आम्ही समजत होतो की त्याला गरजच लागत नाही! कारणही आईला ठाऊक होतं: फ्लशचा आवाज. घरी तो बाहेर येऊन खोलीत गेला की मगच कुणीतरी फ्लश करायचं. शाळेत शेजारच्या दारामागून तो आवाज कधीही यायचा.

आधी डॉक्टरांकडून बद्धकोष्ठता वगैरे काही नाही ना हे बघून घेतलं, कारण इतकी वर्षं रोखून धरणाऱ्या मुलांत ते असू शकतं. मग आईवडील आणि आम्ही एका कागदावर पाच पायऱ्या लिहिल्या. ही पद्धत किरेसुक आणि शेरमन यांनी १९६८ साली मानसिक आरोग्याच्या सेवांसाठी मांडली होती. आता अपंग मुलांबरोबर काम करणारे थेरपिस्टही ती वापरतात. उणे दोन ते अधिक दोन अशी पट्टी, आणि मधलं शून्य म्हणजे ‘एवढं झालं तर ठरल्याप्रमाणे झालं’. आजची स्थिती आम्ही उणे दोनला ठेवली: फक्त घरी जातो. उणे एक: शाळेत, बाकी कुणी नसताना, ओळखीच्या सरांबरोबर. शून्य: शाळेत रोजच्या वेळी, कानांवर हेडफोन घालून. अधिक एक: मावशीच्या घरी. अधिक दोन: कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी. यातलं ‘मावशीच्या घरी’ हे शब्द वडिलांचे. आम्ही लिहिलं असतं तर ‘अपरिचित वातावरणात’ असं काहीतरी लिहिलं असतं, आणि ते झालं की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं. शून्याला पोचायला सात महिने लागले. दुसऱ्या वर्षी ते मावशीकडे एक रात्र राहून आले. वीसपर्यंतचे आकडेही त्याला आले, कारण आत गेल्यावर वीस मोजायचे आणि मग बाहेर यायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

शाळेत आलेलं कौशल्य घरी आपोआप उतरत नाही, हे तुम्ही आठ वर्षांत पाहिलं असेल. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत तर हे फार दिसतं. शाळेच्या शर्टाची बटणं लावणारा मुलगा घरच्या शर्टापुढे हात खाली सोडून उभा राहतो. याचा अर्थ एवढाच, की घर कसं आहे हे माहीत नसताना लिहिलेलं उद्दिष्ट बहुतेक वेळा शाळेच्या चार भिंतींतच राहतं.

आता त्या अक्षरांच्या आईकडे येते. तुमच्या सभेत चौघांपैकी एकीनेच सूचना केली, आणि ती तुम्ही पत्रात अडचण म्हणून लिहिली आहे. रागावू नका, मीही हे केलं आहे. त्यांना ‘अजून वेळ आहे’ असं उत्तर देऊ नका. ‘अक्षरं आली तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारा, आणि मग बराच वेळ गप्प बसा. कदाचित त्या सांगतील की तो दप्तरावरचं स्वतःचं नाव बोटाने चाचपतो. किंवा धाकटी बहीण वाचायला लागली, तेव्हापासून तो तिच्या पुस्तकाशेजारी जाऊन बसतो. ही माहिती तुमच्या फाइलमध्ये नसेल. आणि मागणं आधी, अक्षरं नंतर, असा क्रम कुठल्या निसर्गनियमाने ठरलेला नाही. न बोलणाऱ्या मुलालाही रोज पुस्तक वाचून दाखवता येतं, त्याच्या वस्तूंवर त्याचं नाव लिहिता येतं, काय हवं ते चित्र दाखवून सांगण्याच्या चित्रफलकावर चित्राखाली शब्द ठेवता येतो. तोच फलक मागण्यासाठी आणि तोच अक्षरांसाठी. अमुक महिन्यांत वाचायला लागेल असं वचन मात्र देऊ नका. काय करून बघणार आणि कधी पुन्हा बसून बघणार, एवढं तारीख घालून सांगा.

फलकाचं नाव काढलं की पुष्कळ घरांतून एक भीती येते: चित्रं दिली तर तो बोलायचा प्रयत्नच सोडेल. ही भीती हसण्यावारी नेऊ नका, ती मुलाचा आवाज ऐकायच्या ओढीतून येते. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या सगळ्यात भक्कम पुराव्याच्या उदाहरणांत, चित्रं-खुणांसारखी साधनं दिल्यावर एकाही व्यक्तीचं बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. हे पालकांना सांगा, पण आधी त्यांची भीती त्यांच्या शब्दांत पूर्ण ऐकून घ्या. उलट्या क्रमाने सांगितलं तर तो वाद होतो.

एका ठिकाणी मी कुटुंबाच्या बाजूने डोळे झाकून उभी राहत नाही, आणि तुम्हीही राहू नका. कुटुंब म्हणजे मूल नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीला आंघोळ एकटीने करायची असते, आईला ते भयंकर वाटतं. मुलाला झाडांमध्ये काम करायचं असतं, वडिलांच्या मनात संगणक असतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला, त्याचं सातवं कलम सांगतं की अपंग मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत आपलं मत मांडायचा हक्क आहे, आणि त्यासाठी त्याच्या अपंगत्वाला व वयाला साजेशी मदतही मिळायला हवी. म्हणून आराखड्याच्या बैठकीत मुलाची खुर्ची ठेवा. पूर्ण वेळ बसणं जमत नसेल तर सुरुवातीची दहा मिनिटं. त्याने निवडलेले फोटो, त्याने दाखवलेली जागा, त्याने ‘नको’ म्हणून ढकललेली वस्तू, हे सगळं मतच आहे. आईवडील आणि मूल यांचं जुळलं नाही तर कागदावर दोन्ही लिहा. त्या आंघोळीच्या प्रकरणात आम्ही ‘आई दाराबाहेर, दार लोटलेलं, कडी नाही’ इथून सुरुवात केली होती. आईला आवाज ऐकू यायचा, मुलीला एकांत मिळायचा.

न आलेल्या सात घरांबद्दल. सभेची वेळ कुणी ठरवली होती? बाकीची भावंडं कुठे ठेवायची? तुमची चिठ्ठी त्यांना वाचता येते का? आईवडिलांपैकी कुणी स्वतः अपंग आहे का? दृष्टिहीन आईला छापील आराखडा दिलात तर तिला नुसतं जाड पाकीट मिळतं. कर्णबधिर वडिलांना सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, आणि त्या कामाला ऐकू येणाऱ्या मुलीला जुंपू नये. सगळ्यांनी एकाच दिवशी शाळेत यावं हा आग्रह सोडा. कुणाशी फोनवर, कुणाच्या घरी त्यांनी बोलावलं तर, कुणी आवाजी संदेश पाठवेल. घरी घासाला किती वेळ लागतो, तो चमचा कसा धरतो, याचं मिनिटभराचं चित्रीकरण पालकांनी स्वखुशीने पाठवलं, तर तासाभराच्या सभेपेक्षा अधिक कळतं. फक्त ते कोण बघणार आणि कधी पुसणार, हे आधी स्पष्ट सांगा.

आणि एक विनंती. सहभागाच्या नावाखाली घरी अभ्यासाचे तक्ते पाठवू नका. पुष्कळ शाळांत सहभाग म्हणजे पालकांनी संध्याकाळी थेरपिस्ट व्हायचं, रोज खुणा करायच्या आणि तक्ता रिकामा राहिला की शुक्रवारी मान खाली घालून यायचं. त्या घरात आधीच रात्रीची जागरणं, औषधांच्या वेळा, उचलणं-बसवणं असतं. त्यांना त्या मुलाचे आईबाबा म्हणून असण्याचाही वेळ लागतो. घरी जे होतंच आहे, कपडे घालणं, दात घासणं, दिवा लावणं, त्यातलाच एखादा क्षण निवडा. कपडे घालणं शिकवायचं तर शेवटची पायरी आधी द्या: बाही तुम्ही घाला, शेवटचं बटण त्याने लावायचं. दिवसातून एकदाच. जमलं नाही त्या दिवशी नाही.

तुमचे अकरा आराखडे फाडू नका, पण त्यांच्यावर पेन्सिलने ‘कच्चा’ असं लिहा. एका महिन्यात अकरा घरं गाठणं जमणार नाही. तीन गाठा, त्यांच्या ओळी बदला आणि मग पुढची तीन. सुरुवात त्या बाबांपासूनच करा. फोन करा, मुलाने शाळेत केलेली एक चांगली गोष्ट आधी सांगा. शाळेचा फोन आला की त्यांच्या पोटात गोळा येत असणार, तो आधी विरघळू द्या. मग म्हणा, “त्या दिवशी मी तुम्हाला नीट विचारलंच नाही. काल संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर त्याने काय केलं?” ते थोडा वेळ काही बोलणार नाहीत. तुम्हीही बोलू नका. ते जे पहिलं वाक्य बोलतील ते त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता, आराखड्याच्या पहिल्या ओळीत लिहा आणि फोन ठेवण्याआधी त्यांना वाचून दाखवा.